जपानी व्याकरण: आधी पान, मग कार्ड

जपानी शिकणाऱ्या बऱ्याच मुलांच्या मोबाइलमध्ये फ्लॅशकार्डांचं ॲप असतं आणि त्यात कुणीतरी आयता बनवून दिलेला व्याकरणाचा संच. कार्डाच्या पुढे जपानी रचना, मागे तिचा इंग्रजी अर्थ. रोज नेमाने उजळणी होते, शंभर-दीडशे रचना तोंडपाठ होतात, आणि मग लहान मुलांच्या गोष्टीचं एक पान समोर आलं की पहिल्याच लांब वाक्यात मूल अडकतं. याच्या उलट सांगणारेही भेटतात: कार्डं सोडा, नुसतं वाचत सुटा, व्याकरण आपोआप येईल. त्यांचं ऐकून वाचणाऱ्यांना गोष्ट कळते, पण 'नोमु' (पिणे) याचं 'नोन्दे' (पिऊन) करायला सांगितलं की जीभ अडते.

मी कोल्हापुरात जपानीच्या छोट्या बॅचेस घेते आणि माझं मत आता पक्कं झालंय. व्याकरणाची पहिली भेट वाचनात व्हावी आणि कार्डाने ती ओळख टिकवावी. क्रम उलटा केला की बरीच मेहनत वाया जाते. दुसरी गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते. मराठी माणसाने जपानी व्याकरण इंग्रजीवरून शिकू नये. त्याच्या तोंडात जी भाषा आधीच आहे, ती जपानीच्या घडणीला कितीतरी जवळची आहे.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत काम करणारी मुलं, नर्सिंग करून तिकडे केअरगिव्हर म्हणून जाऊ पाहणाऱ्या मुली, इंजिनिअरिंगची मुलं, असे सगळे या भाषेकडे वळतायत. जपानने एप्रिल २०१९ पासून 'स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर' हा व्हिसा सुरू केल्यापासून जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ पातळी (एन५ सर्वांत सोपी, एन१ सर्वांत अवघड) किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा पुष्कळांच्या बोलण्यात येते. पण आपल्या गावात जपानी माणूस रोज भेटत नाही. ज्यांची ही मातृभाषा आहे त्यांचं जपानी आपल्याला मुख्यतः पानावरच भेटणार. म्हणून वाचन नीट शिकून घेण्याला इथे जास्त किंमत आहे.

ही पद्धत ज्यांना हिरागाना-काताकाना वाचता येतं आणि सुरुवातीचे काही धडे झालेत, त्यांच्यासाठी आहे. लिपी येत नसेल तर आधी ती संपवा. हिरागानाची मूळ ४६ अक्षरं आणि तितकीच काताकानाची. हे काम कार्डांनीच सर्वांत झटपट होतं. या लेखात जपानी शब्द देवनागरीत लिहिलेत आणि लांबवलेल्या स्वरासाठी ऽ वापरलाय. तुमच्या वहीत मात्र जपानी लिपीच हवी.

कार्डाचं काम कुठलं, पानाचं कुठलं

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेलं आधी भराभर विसरतं, मग विसरण्याचा वेग मंदावतो, हे त्याने मोजून दाखवलं. फ्लॅशकार्डांची ॲप्स याच पायावर उभी आहेत: विसरायच्या बेतात असताना विचारायचं, बरोबर आलं की पुढची भेट लांबवायची. डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये काढलेलं 'आंकी' हे त्यातलं सगळ्यांच्या परिचयाचं ॲप. त्याच वर्षी रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी दाखवून दिलं, की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा एकदा वाचून मग आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहतं. आठवायचा ताण घेतला की गोष्ट पक्की होते, याबद्दल मला शंका नाही.

प्रश्न असा, की आठवायचं काय? शब्दाचा अर्थ, कांजीचा (जपानीतल्या चिनी चित्राक्षराचा) उच्चार, क्रियापदाचं रूप यांचं उत्तर ठरलेलं असतं. 'काकु'चं 'काइते', 'मात्सु'चं 'मात्ते', 'ओयोगु'चं 'ओयोइदे', 'हानासु'चं 'हानाशिते', आणि अपवाद म्हणून 'इकु'चं 'इत्ते'. ही रूपं विचार न करता तोंडून निघाली पाहिजेत आणि ते कार्डांनी होतं. पण 'नि' हा प्रत्यय घ्या. 'तोमोदाची नि आगेरु' म्हणजे मित्राला देणे, 'तोमोदाची नि कारिरु' म्हणजे मित्राकडून उसनं घेणे, 'निवा नि हाइरु' म्हणजे अंगणात शिरणे, 'शिचिजि नि ओकिरु' म्हणजे सात वाजता उठणे. आता 'नि'च्या कार्डामागे काय लिहाल? ला, कडून, त, वाजता अशी यादी पाठ होईल, पण वाक्यात त्यातलं कुठलं घ्यायचं हे ती यादी सांगत नाही. ते सांगतं क्रियापद, आणि क्रियापद येतं वाक्याच्या शेवटी. म्हणजे 'नि' शिकायचा तर पूर्ण वाक्य समोर लागतं, तेही एकच नव्हे तर भरपूर.

स्टीफन क्रॅशन हे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ १९८० च्या दशकापासून हेच मांडत आले, की आपल्या पातळीपेक्षा किंचित वरचं पण समजेल असं ऐकत-वाचत गेल्यानेच भाषा अंगवळणी पडते. नियम शिकून मिळालेलं ज्ञान फक्त स्वतःचं वाक्य तपासण्यापुरतं कामाला येतं, असंही ते म्हणतात. हा दुसरा भाग मला पटत नाही. जपानीत क्रियापदाची रूपं नियमाने बनतात, आणि नियम माहीत असला की वाचताना ते रूप ओळखू येतं. नियमाशिवाय वाचणारा 'योन्दे' ('योमु', म्हणजे वाचणे, याचं रूप) दिसल्यावर शब्दकोशात 'योन्दे'च शोधत बसतो.

पहिली पायरी: मराठीची वही

एक दोनशे पानी वही घ्या. डावीकडे जपानी रचना, उजवीकडे तिचं मराठी. इंग्रजी अक्षरही नको. ही वही जसजशी भरत जाईल तसतसं दिसेल, की शेकडा कितीतरी व्याकरण तुम्ही घरातून घेऊन आला आहात.

वाक्याच्या शेवटी क्रियापद, नामामागे चिकटणारे प्रत्यय, हे तर उघडच आहे. पण साम्य त्याच्या खूप खोल जातं. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणे, आणि 'मिरु' म्हणजे बघणेच. 'कात्ते ओकु' म्हणजे घेऊन ठेवणे, 'ओकु' म्हणजे ठेवणे. 'ताबेते शिमात्ता' म्हणजे खाऊन टाकलं. घरातून निघताना जपानी माणूस 'इत्ते किमासु' म्हणतो. आपण 'जाऊन येतो' म्हणतो. 'मला जपानी येतं' याला 'निहोंगो गा देकिरु'. येणारी वस्तू तिथे 'गा' घेते आणि आपल्याकडे ती वाक्याचा कर्ता होते. इंग्रजीवरून शिकणाऱ्याला इथे कर्म का नाही हे समजावून सांगावं लागतं. मराठी मुलाला फक्त दाखवावं लागतं.

नामाआधी येणारी अख्खी वाक्यं हा इंग्रजीतून शिकणाऱ्यांना सर्वांत जड जाणारा भाग. 'किनोऽ किता हितो' हे आपल्या 'काल आलेला माणूस' सारखंच आहे. 'आशिता कुरु हितो' म्हणजे 'उद्या येणारा माणूस'. आपण त्यासाठी -लेला आणि -णारा वापरतो, जपानी साधं क्रियापद तसंच नामासमोर ठेवते. बाकी क्रम शब्दाला शब्द जुळतो.

'-ते इरु' हे रूप तर कोल्हापूरकरांना फारच जवळचं. पुस्तकं त्याला 'चालू काळ' म्हणून शिकवतात आणि मग 'सुवात्ते इरु', 'केक्कोन शिते इरु' अशी वाक्यं आली की विद्यार्थी बुचकळ्यात पडतात. आपल्या बोलीत 'तो जेवालाय' म्हणजे जेवण चालू आहे, आणि 'तो बसलाय' म्हणजे बसण्याची क्रिया संपून तो आता त्या स्थितीत आहे. जपानीत या दोन्हींना एकच रूप आहे. 'ताबेते इरु' म्हणजे जेवालाय, 'सुवात्ते इरु' म्हणजे बसलाय, 'केक्कोन शिते इरु' म्हणजे लग्न झालंय, 'शिन्दे इरु' म्हणजे मेलाय. क्रिया काही वेळ चालणारी असेल तर पहिला अर्थ, एका क्षणात स्थिती बदलणारी असेल तर दुसरा. वहीचं एक पान फक्त यासाठी ठेवा. वाचनात भेटेल ते प्रत्येक '-ते इरु' तिथे लिहा आणि समोर 'जेवालाय' किंवा 'बसलाय' एवढंच टाका. पान भरेपर्यंत गोंधळ उरत नाही.

क्रियापदांच्या जोड्यांचंही तसंच. 'वारेरु' फुटणे, 'वारु' फोडणे. 'ओचिरु' पडणे, 'ओतोसु' पाडणे. फुटणे-फोडणे, पडणे-पाडणे, सुटणे-सोडणे हे आपल्याला बालपणापासून येतं, त्यामुळे या जोड्या जोडीनेच लिहा. फक्त सावध राहा, मराठीत काही ठिकाणी एकच शब्द दोन्ही कामं करतो. दार उघडलं आणि मी दार उघडलं, दोन्हीकडे 'उघडणे'च. जपानीत पहिल्याला 'आकु', दुसऱ्याला 'आकेरु'.

अशा फसव्या जागांसाठी वहीच्या मागच्या बाजूने वेगळी यादी सुरू करा, कारण तिथे मराठी कान चुकीचं सांगतो. 'घरात आहे' आणि 'घरात वाचतो' या दोन्हींत आपला 'त', पण जपानीत असण्याला 'नि' आणि कृतीला 'दे': 'इए नि इरु', 'इए दे योमु'. देण्याघेण्यासाठी तिथे तीन क्रियापदं आहेत. मी किंवा माझ्याकडच्याने दुसऱ्याला दिलं तर 'आगेरु', दुसऱ्याने मला दिलं तर 'कुरेरु', मला मिळालं तर 'मोराउ'. मराठी 'दिलं' यात पहिल्या दोघांतला फरक करत नाही. आणि 'आमे नि फुरारेता', म्हणजे पाऊस पडला आणि त्याचा मला त्रास झाला, असा कर्मणी प्रयोग आपल्याकडे नाहीच. 'वा' आणि 'गा' यांचा फरक तर वाचता वाचताच कळतो. वहीत त्याच्या व्याख्या लिहू नका, फक्त भेटलेली वाक्यं गोळा करा.

दुसरी पायरी: वाचायला काय घ्यायचं

इथे घाई झाली की सगळं बिघडतं. जपानी वाचायचं म्हणून पहिल्याच महिन्यात आवडत्या मांगाचा (जपानी चित्रकथेचा) खंड उघडला जातो आणि दोन चौकटींत उत्साह संपतो. वाचनाच्या संशोधनात असं मानलं जातं, की मदतीशिवाय सुखाने वाचायचं तर पानावरचे साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, म्हणजे पन्नासात एखादाच अनोळखी. मी इतकी कडक अट घालत नाही. दोन-तीन ओळींत एकापेक्षा जास्त वेळा थांबावं लागत असेल तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवा, एवढं पुरे.

सुरुवातीला 'तादोकु' चळवळीची पुस्तकं घ्या. 'तादोकु' म्हणजे भरपूर वाचन. जपानमधली एक ना-नफा संस्था या पद्धतीने चढत्या पातळ्यांची छोटी सचित्र पुस्तकं तयार करते आणि त्यातली बरीचशी तिच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. त्यांचे नियम साधे आहेत: सोप्यापासून सुरू करा, शब्दकोश उघडू नका, अडलेलं सोडून पुढे जा, पुस्तक जमत नसेल तर दुसरं घ्या. ही पुस्तकं शिकणाऱ्यांसाठीच लिहिलेली आहेत, मूळची जपानी वाचकांसाठीची नव्हेत, हे खरं. पण लिहिणारे जपानी आहेत आणि पहिल्या सहा-आठ महिन्यांत हीच पातळी योग्य आहे. धडे हवे असतील तर जपान फाउंडेशनचं 'इरोदोरी' आहे, त्याचे पाठ आणि ऑडिओ फुकट मिळतात. एन४ च्या आसपास पोचलात की एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या सोप्या जपानीतल्या बातम्या सुरू करा. कांजीवर उच्चार छापलेला असल्याने लक्ष व्याकरणाकडे देता येतं.

तिसरी पायरी: एक पान तीनदा

पहिल्यांदा पेन्सिल न घेता, शब्दकोश न उघडता वाचा. किती कळलं हे मराठीत दोन वाक्यांत स्वतःला सांगा.

दुसऱ्यांदा पेन्सिल घ्या. या फेरीतच व्याकरण शिकलं जातं, म्हणून ती एका उदाहरणाने नीट दाखवते. हे वाक्य पाहा:

'किनोऽ तोमोदाची नि कारिता होन ओ योन्दे इतारा, निवा नि नेको गा हाइत्ते किता.'

आधी शेवटचं क्रियापद धरा: 'हाइत्ते किता', आत शिरून आलं. कोण आलं? 'गा' कुठे आहे बघा: 'नेको गा', मांजर. कुठे? 'निवा नि', अंगणात. मुख्य वाक्य झालं. आता स्वल्पविरामाच्या आधी या. त्या भागाचा शेवट 'योन्दे इतारा', वाचत होतो तर. काय वाचत होतो? 'होन ओ', पुस्तक. कुठलं पुस्तक? त्याच्या अगदी आधी 'कारिता' हे क्रियापद नामाला चिकटून उभं आहे, म्हणजे घेतलेलं. कुणाकडून? 'तोमोदाची नि'. सगळं मिळून: काल मित्राकडून घेतलेलं पुस्तक वाचत होतो, तर अंगणात मांजर आलं.

या एका वाक्यात 'नि' दोनदा आलाय, एकदा 'कडून' आणि एकदा 'त', आणि दोन्ही वेळा क्रियापदाने निवाडा केला. 'किता' मुळे मांजर सांगणाऱ्याच्या दिशेने आलं हेही कळतं. आणि 'किनोऽ' कशाला जोडायचं? पुस्तक काल घेतलं की काल वाचत होतो? मराठी वाक्यातही नेमकी हीच शंका राहते. एकदा मागचा-पुढचा मजकूर बघून ठरवायचं, इतकंच. इंग्रजी भाषांतर करणाऱ्याला इथे बाजू घ्यावी लागते. मराठीत वाक्य जसंच्या तसं राहतं.

म्हणून दुसऱ्या फेरीत करायचं एवढंच: वाक्याच्या शेवटच्या क्रियापदाखाली दोन रेघा, नामाला चिकटलेल्या क्रियापदाखाली एक रेघ, आणि प्रत्ययांभोवती गोल. अडलेले शब्द आता शब्दकोशात बघा. एखाद्या रचनेचं कोडं सुटलंच नाही तर शेजारी प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे जा. तीच रचना दुसऱ्या पानावर पुन्हा भेटेल आणि तेव्हा कदाचित उलगडेल. तिसऱ्यांदा भेटूनही नाही उलगडली, तर व्याकरणाच्या पुस्तकात शोधा किंवा शिकवणाऱ्याला विचारा. आपला प्रश्न घेऊन गेलेल्याला पुस्तकातलं स्पष्टीकरण पटकन समजतं.

तिसऱ्यांदा पान मोठ्याने वाचा. मनात मराठी येऊ न देता, ओघात.

चौथी पायरी: पानावरून कार्ड

आता कार्ड. वाचून झालेल्या पानातून दिवसाला तीन ते पाच कार्डं, त्याहून जास्त नको. आंकीत नव्या कार्डांचा आकडा मुळात रोज वीस ठेवलेला असतो. तो सेटिंगमध्ये जाऊन आधी पाचवर आणा. रोज वीस नवी घेतली तर काही आठवड्यांतच उजळणीची कार्डं शंभराच्या पुढे जातात आणि वाचनाचा सगळा वेळ खातात. अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर आंकी फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. कागदी कार्डंही चालतात. महाद्वार रोडच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात जाड कागद मिळतो. तीन डबे करा: रोज, तीन दिवसांनी, आठवड्याने. बरोबर आलं की पुढच्या डब्यात, चुकलं की पहिल्या.

कार्डावर पूर्ण वाक्य घ्या, तुम्ही वाचलेलं, आणि त्यात एकच जागा रिकामी ठेवा. वरच्या वाक्याचं कार्ड असं होईल: 'तोमोदाची ( ) कारिता होन'. मागे 'नि', त्याखाली 'मित्राकडून घेतलेलं पुस्तक', आणि कुठल्या गोष्टीतलं ते. प्रत्ययाचं कार्ड करताना त्याचं क्रियापद कधीही कापू नका, कारण उत्तर त्या क्रियापदातच असतं. वाक्य फार लांब असेल तर अर्थ तुटणार नाही एवढाच तुकडा घ्या. दोन गोष्टी एका कार्डात विचारू नका. 'नि'ही आणि 'कारिता'ही अडत असेल तर कार्डं दोन करा.

क्रियापदांच्या रूपांची कार्डं मात्र वाक्याशिवाय चालतात. पुढे 'नोमु', मागे 'नोन्दे'. ही शब्दकोशातल्या रूपावरून तयार करा आणि उत्तर मोठ्याने द्या. सुरुवातीच्या दोन महिन्यांत ही रोज घ्या, नंतर वाचनच त्यांची उजळणी करून देतं.

काही कार्डं काही केल्या लक्षात राहत नाहीत. आंकी अशांना 'लीच' म्हणून बाजूला काढतं. मुळात आठ वेळा विसरलं की ही खूण पडते, आणि सेटिंगप्रमाणे ते कार्ड थांबवलंही जातं. त्याच्याशी झगडत बसू नका. कार्ड काढून टाका आणि तीच रचना दुसऱ्या पानावर वेगळ्या वाक्यात भेटली की त्या वाक्याचं नवं करा. बहुतेकदा दोष तुमच्या स्मरणशक्तीचा नसतो, वाक्यच धड पकड देणारं नसतं.

आयते संच शब्दांसाठी आणि कांजीसाठी जरूर वापरा. व्याकरणासाठी नको. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: २०१० मध्ये जेएलपीटी चार पातळ्यांची पाच पातळ्यांची झाली, तेव्हापासून परीक्षा घेणाऱ्या संस्था शब्दांची किंवा व्याकरणाची अधिकृत यादी देत नाहीत. 'एन३चं संपूर्ण व्याकरण' अशा नावाने फिरणाऱ्या याद्या जुन्या प्रश्नपत्रिकांवरून आणि अनुभवावरून लावलेला अंदाज आहे. अंदाज चांगला असू शकतो, पण त्यातली प्रत्येक ओळ पाठ झाली म्हणजे पातळी पार झाली असं नाही.

पाचवी पायरी: आठवडा कसा लावायचा

रोज पाऊण तास मिळत असेल तर दहा मिनिटं कार्डं आणि उरलेला वेळ वाचन. कार्डं केएमटीच्या बसमध्ये, चहाच्या सुट्टीत, कुठेही उरकतात. वाचनाला मात्र एका जागी बसावं लागतं. घरात गडबड असेल तर वाचनालयात जा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून या गावाला वाचायला बसवत आलंय. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी रात्रपाळीच्या आठवड्यात नवं पान घेऊ नये, आधी वाचलेलीच पानं पुन्हा वाचावीत. कार्डं मात्र सोडू नयेत, नाहीतर ढीग साचतो.

आठवड्यातून एकदा, शक्यतो रविवारी, महिन्यापूर्वी वाचलेलं एक पान काढा आणि वाक्यांचे शेवट हाताने झाकून वाचा. प्रत्ययांवरून पुढे कुठल्या जातीचं क्रियापद येणार याचा अंदाज बांधा. 'दे' दिसला तर कृती येणार, 'निवा नि नेको गा' दिसलं तर असणं किंवा येणं. हा अंदाज बरोबर येऊ लागला की व्याकरण अंगात भिनतंय असं समजा. मला हीच परीक्षा कार्डांच्या टक्केवारीपेक्षा खरी वाटते.

सहावी पायरी: परीक्षा जवळ आल्यावर

भारतात जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्ये होते आणि कोल्हापूरकरांना त्यासाठी बहुधा पुणं गाठावं लागतं. अर्जाची मुदत बरीच आधी संपते, ती लक्षात ठेवा. या परीक्षेत बोलण्याची किंवा लिहिण्याची चाचणी नाही. एन५ आणि एन४ ला शब्द, व्याकरण आणि वाचन यांचे मिळून १२० गुण असतात आणि ऐकण्याचे ६०. एन३ पासून वाचनाला स्वतंत्र ६० गुण आहेत, म्हणजे एकूण १८० चा तिसरा हिस्सा. त्यात किमान १९ मिळाले नाहीत तर बाकी कितीही असले तरी नापास.

व्याकरणाच्या भागात तीन प्रकार येतात. योग्य रचना निवडा, यात कार्डांचा थेट फायदा होतो. उताऱ्यातल्या रिकाम्या जागा भरा, इथे वाचनच लागतं. आणि तिसरा ताऱ्याचा प्रश्न: वाक्याचे चार तुकडे देतात, चार रिकाम्या जागा असतात, त्यातल्या एका जागेवर तारा असतो, आणि तिथे कुठला तुकडा बसेल ते सांगायचं. आपल्या मुलांनी हा प्रश्न सोडता कामा नये. तुकड्यांचं मराठी मनात करा, नामाला चिकटणारं क्रियापद ओळखा, शेवटाकडून मागे या. तिसऱ्या पायरीत पेन्सिलीने जे केलं, तेच इथे घड्याळ लावून करायचं आहे.

शेवटच्या सहा आठवड्यांत प्रमाण थोडं बदला: नवी कार्डं बंद, फक्त उजळणी, आणि रोज एक सराव उतारा वेळ लावून. गोष्टींचं वाचन थांबवू नका, फक्त कमी करा.

सातवी पायरी: खरं जपानी पान

एन३ च्या आसपास शिकणाऱ्यांसाठीची पुस्तकं मागे टाकायची वेळ येते. कारखान्यात असाल तर मशीनचं जपानी मॅन्युअल मागून घ्या. सेइरि, सेइतोन, सेइसोऽ, सेइकेत्सु, शित्सुके हे फाइव्ह एसचे (कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या पद्धतीचे) शब्द फलकावर रोज दिसतातच, आता त्यामागची वाक्यं वाचा. मॅन्युअलची भाषा रुक्ष पण फार नियमित असते, त्याच त्या रचना पानोपानी येतात. सावधगिरीच्या सूचनांत एक वाक्य हमखास भेटेल: 'केगा ओ सुरु ओसोरे गा आरिमासु'. याद्यांमध्ये 'ओसोरे गा आरु' ही वरच्या पातळीची अवघड रचना म्हणून असते. आपण तिला शब्दशः 'इजा होण्याची भीती आहे' म्हणतो आणि पुढे जातो.

ज्यांना गोष्टी आवडतात त्यांनी 'आओझोरा बुन्को' उघडावं. १९९७ मध्ये सुरू झालेलं हे डिजिटल ग्रंथालय स्वामित्वहक्क संपलेलं जपानी साहित्य फुकट देतं. एक काळजी घ्या. जपानी लेखनाचे नियम १९४६ मध्ये बदलले, त्यामुळे जुनी पुस्तकं मूळ वळणात असतील तर शब्द ओळखूच येत नाहीत. प्रत्येक पुस्तकाच्या माहितीत लेखनपद्धत दिलेली असते. 'शिन्जि शिन्काना' म्हणजे नवी अक्षरं, नवं लेखन, असं लिहिलेलंच घ्या. 'क्यूऽजि क्यूऽकाना' असेल तर सध्या सोडा.

पहिलं पुस्तक म्हणून मी नीमी नानकिची यांची 'गोन गित्सुने' सुचवते. ही कोल्ह्याची गोष्ट १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जपानमधली मुलं ती चौथीच्या पुस्तकात शिकतात. जुन्या खेड्यातल्या वस्तूंचे, मासेमारीच्या साधनांचे शब्द अडतील, ते बेधडक शब्दकोशात बघा. व्याकरण मात्र जवळजवळ सगळं तुमच्या वहीत आधीच आलेलं असेल. पहिल्याच वाक्यात एका लांबलचक वाक्यांशानंतर 'गोष्ट' हा शब्द येतो. त्या वाक्यांशाखाली रेघ ओढा, मराठी -लेली लावून बघा आणि पुढे चला. रोज अर्धं पान पुरे.

ती संपली की लगेच दुसऱ्या लेखकाकडे वळू नका. नानकिचींचीच 'तेबुकुरो ओ काइ नि' घ्या, कोल्ह्याच्या पिल्लाची हातमोजे आणायला जाण्याची गोष्ट. लेखक तोच असला की लकबी, जोडशब्द, वाक्यांचे शेवट पुन्हा भेटतात, आणि पहिल्या पुस्तकातून केलेली कार्डं दुसऱ्या पुस्तकात जागोजागी कामाला येतात.